काही माद्या उशिरा परततात

नाही मॅडम, कॉपी म्हणताय तर आधी मला बसू द्या — बसते हं — कॉपी मी करणार कुणाची? माझ्या पुढे ती वेणीवाली मुलगी होती, ती निम्मा वेळ नखं कुरतडत होती, मी पाहिलं ना — हां, पाहिलं म्हणजे बघा, मीच कबूल केलं. मान वर केली होती. सारखी करत होते, तेही खरं. तुम्ही मला उठवून पार भिंतीकडे नेऊन बसवलंत, सगळी मुलं वळून बघायला लागली, त्यांच्यात मी आधीच काकू, आता कॉपी करणारी काकू. असू दे. पण तिथे भिंतीकडे तोंड करूनही मी मान वर करतच होते की नाही? मग भिंतीवरून काय उतरवून घेणार होते?

घरी मी कशी वाचते सांगू? चार ओळी. चार ओळी वाचायच्या, मान वर, पोरगी कुठे आहे बघायचं, मान खाली. तीन वर्षांची आहे, चिमी म्हणतो आम्ही. चार ओळींत ती फार तर खुर्चीवर चढते. पाचवी वाचायला घेतली की खुर्चीवरून टेबलावर, आणि सहावीला — जाऊ दे, कपाळाला टाके पडलेत एकदा, तेव्हा मी 'लेखकाचा दृष्टिकोन' वाचत होते. तेव्हापासून चार. आता तुमच्या हॉलमध्ये चिमी नाही, हे मला कळत नाही का? मला कळतं, मानेला कळत नाही. आणि त्यात ती शांतता. आमच्याकडे शांतता झाली की समजायचं, आत काहीतरी घोळ घातलाय — पावडरचा डबा तरी पालथा, नाहीतर भिंतीवर खडू. आरडाओरडा असला की मी निवांत असते. आणि तुमच्याकडे एवढी माणसं बसलेली आणि पान उलटल्याचासुद्धा आवाज नाही. मान आपोआप वर जाते हो. वाचायचं कसं माणसानं?

आणि कॉपीच करायची तर शब्दांच्या भागात केली असती ना? तो बघा, काढा माझा पेपर. शब्दांत एक फुली नाही. तुम्ही म्हणालात चिठ्ठ्या करा, येताजाता दिसतील अशा लावा, मी लावल्या. फ्रिजवर 'औदासीन्य', आरशावर 'विषण्ण', बाथरूमच्या दारावर 'प्रदीर्घ' — ती आमच्या ह्यांच्यासाठी, ते आत गेले की पेपर वाचूनच बाहेर येतात. मग म्हणालात, प्रत्येक शब्दाचं स्वतःच्या अनुभवातलं वाक्य करा. आता माझा अनुभव म्हणजे घर आणि घर म्हणजे सासूबाई. 'तुसडा'खाली जे वाक्य लिहिलं होतं ते त्यांनी चष्मा पुसून दोनदा वाचलं. चिठ्ठी सोडवली, नीट घडी घातली आणि माझ्या उशीवर आणून ठेवली. त्यापेक्षा चार शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं. आणि चिमी — परवा शेजारच्या बाई आल्या, त्यांना दारातच म्हणाली, 'काकू, तुम्ही उद्विग्न का?' हिला बसवा परीक्षेला, ही सुटेल.

तर राहिलं काय, उतारे. पास व्हायला एक मार्क कमी, म्हणून तुम्ही माझा अर्ज अडवताय, मॅडम. एक मार्क. तुमच्या सहीशिवाय अर्ज कॉलेजात जात नाही, आणि तुम्ही म्हणताय पुढच्या वर्षीच्या बॅचला बसा. तो एक मार्क कुठे गेला ते मी दाखवते, त्यासाठीच आलेय मी. हा — सातवा प्रश्न. पेंग्विनचा उतारा. मादी अंडं घालते आणि समुद्राकडे निघून जाते, आणि नर ते अंडं पायांवर घेऊन बर्फात उभा राहतो, दोन महिने, उपाशी. हे वाचून मी हसलेच आधी. ह्यांच्याकडे चिमीला दोन तास ठेवलं तर तीन फोन येतात, हिचा दुसरा मोजा कुठे आहे, हिला दूध गरम लागतं की कोमट. बरं. तर उताऱ्याच्या शेवटी वाक्य आहे, 'काही माद्या उशिरा परततात.' आणि खाली विचारलंय, यावरून कोणतं अनुमान निघतं? अ, अन्नासाठी त्यांना दूर जावं लागतं. ब, त्या वाट चुकतात. क, त्यांना परतायची घाई नसते. मी 'क' लिहिलं, तुम्ही फुली मारलीत. 'अ' बरोबर म्हणे. का बरोबर? समुद्र लांब आहे असं वर लिहिलंय, हो, वाचलंय मी, चार-चार ओळी करून का होईना पण वाचलंय. पण लांब आहे तर तो सगळ्यांनाच लांब आहे ना? मग 'काही'च का उशिरा येतात? ह्याचं उत्तर 'अ'मध्ये कुठे आहे, सांगा तुम्ही. अहो, तिचं पोट भरलेलं आहे. अंडं नीट आहे, नर सांभाळतोय, तेही तिला माहीत आहे. वाईट आई नाहीये ती. येणारच आहे परत, जाणार कुठे? पण जरा बसते. कुणी हाक मारत नाही. कुणाचा मोजा हरवलेला नाही. एक बस जाऊ देते, मग दुसरी जाऊ देते, बाकावर नुसती बसते, हातात काही नाही, पुस्तकसुद्धा नाही, आणि —

बर्फावर. बर्फावर बसते म्हणायचं होतं मला.

असं बघू नका हो. हो, बसस्टॉप. इथल्याच कोपऱ्यावरचा. क्लास पाचला सुटतो, घरी सहा माहीत आहे, झालं समाधान? पहिल्या आठवड्यात एकदा खरंच बस चुकली होती. सहा वाजून गेल्यावर पोचले, कुणी काही विचारलं नाही, त्यांना वाटलं क्लास सहालाच सुटत असेल. दुसऱ्या दिवशी बस चुकली नाही. मीच चुकवली. काय करते तिथे? काही नाही, तेच तर. शहाण्या बाईनं तो तास अभ्यासाला लावला असता — सलग वाचायची सवय झाली असती, मान जाग्यावर आली असती, आज तुमच्यापुढे एका मार्कासाठी भांडत बसले नसते. हे मला आत्ता सुचतंय, तुमच्यासमोर. बसस्टॉपवर काहीच सुचत नाही, म्हणून तर बसते तिथे.

पण तो काही परीक्षेतला मुद्दा नाही, तो सोडून द्या. मुद्दा हा की पुढचं वर्ष मला नाहीये. सासूबाईंनी एकच वर्ष दिलंय. 'एक वर्ष पोर सांभाळीन, पुढे माझे गुडघे आणि मी' — स्पष्ट म्हणाल्या, आणि त्यांचंही चुकत नाही, चिमीच्या मागे मला पळवत नाही तर त्यांना कुठून पळवणार? मला ग्रंथपाल व्हायचंय. हसा तुम्ही, चार ओळी वाचणारी ग्रंथपाल. पण तिथे पुस्तकं वाचायची थोडीच असतात, लावायची असतात, कोण काय मागतंय ते शोधून द्यायचं असतं, आणि शोधून देणं मला झोपेतही येतं. एवढा 'क' धरा, मॅडम. एकदा धरा. बरं, अर्धा तरी —

नाही? बरं. नियम सगळ्यांना सारखा, मान्य आहे. नाही, राग नाही आला, आवाजच तसा आहे माझा.

कुणाशी बोलणार? सासूबाईंशी? आणखी एक वर्ष मागणार, माझ्यासाठी? नको हो मॅडम. म्हणजे तुमचे उपकार, पण फोनवर नको, त्यांना फोनवर नीट ऐकू येत नाही — येतं तसं, पण आत्ता चिमीला भरवत असतील — मी बोलते ना घरी, दोन दिवसांनी, वेळ बघून — लावू नका ना. मॅडम.

...

हा माझ्याच पर्समध्ये वाजतोय.

घरचा नंबर मागितलात तेव्हा मी माझाच सांगितला होता. म्हटलं, कधी काही निरोप गेलाच तर — बंद करा तो. बंद करा, बाहेर मुलं ऐकतायत.

तुम्ही बोला ना काहीतरी. रागवा तरी.

बरं. घ्या, घरचा देते. हा बघा, ह्यात आहे, 'आई' म्हणून आहे ना तोच. सासूबाईच उचलतील. वर्षाचं विचारा त्यांना. पण त्याआधी त्या तुम्हाला विचारतील क्लास किती वाजता सुटतो, कारण आत्ता घड्याळात सव्वासहा झालेत आणि मी पोचलेली नाही. पाच सांगा. आढेवेढे नका घेऊ, पाच म्हणून सांगा.

लावा.