आठ टॅपेटांचा क्रम

न्हाई न्हाई शेठ, त्या ताटाला हात लावू नका — रॉकेल हाय त्यात, तुमचे कपडे पांढरे — आन् दुसरं म्हणजे मी क्रम लावून ठेवलाय. हे पहिलं, हे दुसरं, असं आठापर्यंत. तुमच्या फियाटच्या पोटातून सकाळी काढलेली टॅपेटं हायेत ही, जशी निघाली तशी ताटातल्या लाकडी पट्टीच्या भोकांत उभी केली. बसा ना त्या खोक्यावर. आमचे मालक स्टेशनवर गेलेत पार्सल सोडवायला — तुमचाच कॅमशाफ्ट, हैदराबादहून घासून आलेला — येतील तासाभरात. बाईमाणसाला गाडीतलं काय कळतंय, असं वाटून राह्यलं ना तुम्हाला? वाटू द्या. अख्ख्या नव्या जालन्याला तेच वाटतं. पण लग्न होऊन आले तवापासून ह्याच फळीवर पार्ट धुतलेत मी — मधली तीन वर्षं सोडली तर.

आता तुम्ही हौसेनं रेसचा कॅम घेतला, घ्या — तुमच्या वडलांची, हुकमचंदशेठची गाडी, तुमचा खर्चा, मी कोण बोलणार. पण रोज आष्टीला जाणार ना ह्याच गाडीनं? वाटूरवरून? त्या रस्त्यानं बैल आडवा आला की संपली रेस. असू द्या. कॅम कोणताबी घाला, टॅपेट कोणतं घालता त्यावर सगळं हाय. कॅम म्हणजे एक दांडा, त्यावर आठ टेंगळं असत्यात, दांडा फिरला की टेंगूळ टॅपेटाला वर ढकलतं, आन् टॅपेट वॉल्व्ह उघडतं — एवढंच काम. पण जुनं टॅपेट ज्या टेंगळावर झिजलं त्याच्याशीच त्याचं जमतं, दुसऱ्याशी न्हाई, आन् नव्या दांड्याशी तर बिलकुल न्हाई. हे बघा, दोघांची तोंडं एकमेकाला लावते — बसली चिकटून? हलत न्हाईत? नवी असती तर डुलली असती. नव्याच्या तोंडाला अंगचाच जरासा फुगवटा असतो, डोळ्याला दिसत न्हाई, पण त्याच्यानंच ते जागच्या जागी फिरत राह्यतं आन् झिजत न्हाई. ही तुमची सपाट झाली. दगडावर घासली तर चमकतील, पण फुगवटा काय परत येत न्हाई. — कोण म्हणलं घासून चालतात म्हणून? मालक? बरं. म्हणले असतील.

असंच धर्मराजदाजींच्या टॅक्सीचं झालं. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, सोनूअक्काचे मालक. दुष्काळ सरला त्या साली त्यांनी जुनी फियाट घेतल्ती, जालना ते वाटूर शिटा मारायचे. येस्टीच्या आधी फाट्यावर पोचलं तरच शिटा मिळायच्या, म्हणून त्यांनाबी असाच जोराचा कॅम पाहिजे होता. मालकांनी घालून दिला. पंधरा दिवसांत इंजिन खटखट करायला लागलं आन् वाटूरच्या अलीकडं जाम झालं — टेंगळं पार खाऊन सपाट, ऑइलमध्ये लोखंडाचा चुरा. टॅक्सी भंगारात गेली. दाजी पुण्याकडं हमालीला गेले ते अजून तिकडंच हायेत. का झालं असं? तर बेबीनंदानं, म्हणजे मी, टॅपेटं धुताना क्रम मिसळला म्हणून. तुमच्या कानावर आलंच असंल. आलंय ना? मान खाली घालू नका, सगळ्यांच्याच आलंय.

मिसळला होता का, म्हणता? काय करता ऐकून. — न्हाई मिसळला. आन् मिसळला असता तरी काय? आत्ताच सांगितलं ना, नव्या दांड्याशी जुनं कोणतंच जमत न्हाई, मंग क्रमानं घाला न्हाईतर उलटं घाला. नवी टॅपेटं सांगितल्ती, ती आलीच न्हाईत, आन् मालकांनी सोमवारचा शब्द दिल्ता. शब्द मोडायचा न्हाई म्हणून जुनीच घासून घातली. मी म्हणलं होतं, आठ दिवस थांबा, साडूच हायेत तुमचे, समजून घेतील. न्हाई थांबले. इंजिन गेल्यावर दाजी दारात आले, चार माणसं गोळा झाली, आन् मालक सगळ्यांदेखत म्हणले की बायकोनं मिसळली. मी आत चुलीपाशी होते. माणसं गेल्यावर मला म्हणले, माझं नाव गेलं तर गॅरेज गेलं, तुझं काय जातंय, तुला कोण गाडी आणून देतंय. पटलं मला. हो, पटलं — खोटं कशाला बोलू. मीच अक्कासमोर जाऊन उभी राह्यले, म्हणलं चुकलं माझ्या हातून. वाटलं, सख्खी बहीण हाय, चार दिवस रुसंल. आता विहारात वंदनेला गेले तर चार बायका मधी सोडून बसती. माय मरायला टेकली तवा उशाशी दोघी होतो. मी पाण्याचा चमचा उचलला, तर अक्का म्हणली, "त्या हातानं नको." मी चमचा तिच्याकडं दिला. मायच्या तोंडात पाणी घातलं न्हाई मी. आन् हे म्हणले होते, तुझं काय जातंय.

— मी कशाला सांगून राह्यले तुम्हाला हे सगळं. कुठं बोलू नका. तीन वर्षं मालकांनी मला ह्या फळीपाशी फिरकू दिलं न्हाई, गिऱ्हाइकं बिचकत्यात म्हणून. आन् आज सकाळी त्यांनीच ताट पुढं ठेवलं. "बेबीनंदा, तू धू, तुझ्यासारखं कुणाला जमत न्हाई." किती बरं वाटलं म्हणून सांगू. म्हणलं, एवढ्या दिवसांनी माणसाला काहीतरी लागलं मनाला. सकाळधरनं रॉकेलचा वाससुद्धा गोड लागून राह्यलाय — हसू नका. एकच कळंना, नवा कॅम घालायचा तर ही जुनी कशाला धुवायची. मंग म्हणलं, नवी पार्सलात आली असतील, ही अशीच ठेवायची असतील. — आं? निस्ता दांडाच मागवलाय?

थांबा. परत सांगा. तुम्ही त्यांना विचारलं, जुनीच घातली आन् काही झालं तर? मंग? — बराबर तेच शब्द सांगा. "माझ्या कामात खोट निघणार न्हाई, आता धुताना बायकोच्या हातून काही झालं तर तेवढंच." असं म्हणले. हसत म्हणले? हसत.

म्हणजे इंजिन अजून बसायचंय, आन् चूक कुणाची ते आधीच ठरलंय. तरी मी दोनदा चहा केला आज त्यांना, साखर जास्त घालून. कसली येडी बाई मी. हे फडकं धरा शेठ. नीट धरा, गळतंय. तुमची टॅपेटं बांधलीत ह्यात, आठच्या आठ. हैदराबादला माणूस धाडा, नवा संच आणा, तोवर गाडी राहू द्या उघडी, कुठं पळती ती. मालकांना सांगायचं तर खुशाल सांगा. न्हाई, आता चहा न्हाई. मला अक्काकडं जायचंय, ह्या मागच्या गल्लीत. दार उघडती का न्हाई कुणाला म्हाईत — न्हाई उघडलं तर बाहेरून सांगीन, ऐकू द्या गल्लीला. उठा शेठ. मला कुलूप लावायचंय.