चांगुणेचं वल्हं

मंडळी, ऐका! एक विचारतो. दुसऱ्याचं चांगलं झालं, की आपल्याला दुखतं ते नेमकं कुठं? पोटात म्हणता? छे! तळहातात! कसं ते सांगतो.

खाडीकाठचं एक गाव. वर्षातून एकदा देवीची पालखी होडीतून पलीकडे जायची. होडीला वल्ही दोन — त्यातलं पुढचं मानाचं. सात वर्षं ते लखू तांडेलाकडे! आणि यंदा गावानं दिलं कुणाला? त्याच्या धाकट्या भावाच्या बायकोला — चांगुणेला! लखूला मागचं.

झालं! लखूचा नुसता जळफळाट! तोही रोज होडी वल्हवायचा, तीही वल्हवायची. याच्या तळहातांना फोडच फोड, दांड्यालाही रक्त लागायचं. आणि हिचे हात? तिनं भाकरी वाढली, तर याची नजर भाकरीवर नाहीच — हातावर! एक फोड नाही हो! "हिचं वल्हंच कुणीतरी मंतरून दिलंय!" लखूच्या मनानं घेतलं. आणि पालखीच्या आदल्या संध्याकाळी पठ्ठ्यानं गपचूप वल्ही बदलली! हसू नका, मागच्या बायांनो — जावेची आमटी चांगली झाली, की पातेलं कुठून आणलं ते तुम्हीही विचारता!

निघाली होडी. ओहोटीची जबर ओढ. लखूनं ते वल्हं असं आवळलं, असं आवळलं — बोटं पांढरी पडली! मध्यावर फोड फुटले, हात सटकला, होडी गर्रकन फिरली, पालखी कलंडली!

"भावजी!" चांगुणा ओरडली, "आवळू नका! बोटं नुसती अडकवा. ओढताना धरा, परत नेताना सैल सोडा. वल्हं कुठं पळून जातंय?"

लखूला रडूच फुटलं. "चांगुणे, हे वल्हं तुझं आहे. मी चोरलं गं!"

"ठाऊक आहे. माझ्या हातातल्या दांड्याला तुमचं रक्त लागलेलं होतं. पुसलं नि बसले. आता ओढा!"

लखूनं बोटं सोडली. एकेक करून. आणि खरंच, वल्हं पळालं नाही हो! होडी सरळ झाली, पालखी काठाला लागली.

वल्हं साधंच होतं, मंडळी. मूठ मत्सराची होती! आता आपलं बघा. अहो तिसऱ्या ओळीतले दादा, मांडीवर मूठ का आवळलीय? भावाचं नवं घर आठवलं? राहू दे ते. आता भजन आहे, आणि आवळलेल्या मुठीनं टाळी वाजत नाही. उघडा हात! सगळ्यांनी! दादा, तुम्हीसुद्धा... हं, असे! वाजवा!