स्वाभिमानी पंप

"आमचा पंप स्वाभिमानी आहे, कुणाच्या हातचं पाणी पीत नाही!" दुरुस्तीच्या दुकानात रोपवाटिकेचे मालक गरजले. मागे मिक्सर आणि पाण्याची मोठी बाटली सांभाळत उभ्या असलेल्या बाईंनी कान टवकारले.

"मग इथे कशाला आणलात, काका?" मिस्त्रीने विचारलं.

"सकाळपासून नुसता घरघरतोय, मिस्त्री. दुपारपर्यंत पाणी नाही मिळालं तर दोन हजार रोपं माना टाकतील."

"सुरू करण्याआधी त्याच्या पोटात पाणी भरलंत?"

"छे! सेल्फ-प्रायमिंग आहे. आपलं आपण ओढतो."

"ओढतो, पण पहिल्यांदा पाजावं लागतं. झाकणावर लिहिलंय."

"तिथे मी रोपवाटिकेचं स्टिकर लावलंय."

"पंप ठणठणीत आहे. घरी न्या, दीड लिटर ओता, सुरू करा."

"घरी थेंब नाही हो! पाणी पंपच आणतो."

बाईंना बाटली पदराआड घ्यायला उशीर झाला.

"ताई, तेवढी बाटली देता?"