पान दोनशे अकरा ते दोनशे चौदा

चष्मेवाली: …आणि त्या जागी त्यांनी काय घातलंय, तर चुंबन. तेही इतकं लांबलचक, की शेजारच्या बाईंचे पॉपकॉर्न संपले तरी यांचं आपलं चालूच.

ग्रंथपाल: अगं, व्हॅम्पायरच्या प्रेमाचा सिनेमा आहे. चुंबन असणारच की.

चष्मेवाली: असू दे ना. शेवटी असू दे, माझं काही म्हणणं नाही. पण ताई, दोनशे अकराव्या पानावर? तिला ताप भरलाय, ती ग्लानीत ‘ये’ म्हणते, आणि हा तीनशे वर्षांचा माणूस खिडकीतून सरळ आत. पुस्तकातला तो असं कधी करणार नाही.

ग्रंथपाल: हळू बोल जरा. आत परीक्षेची मुलं बसलीत. नायक तरी बरा होता का?

चष्मेवाली: पावडर थापलेला. शिवाय डाव्या डोळ्यातली रंगीत लेन्स सरकलेली. चष्म्याचं दुकान चालवते मी, एकदा ते दिसल्यावर मला पडद्यावर दुसरं काही दिसेना. पण ते सगळं मी पोटात घातलं. चार पानं गाळली ते नाही घालणार. द्या पुस्तक.

ग्रंथपाल: हे काय, काढून ठेवलंय. पण तुझ्याकडे स्वतःची प्रत आहे ना? लेखिकेच्या सहीची?

चष्मेवाली: आहे की. प्लॅस्टिकमध्ये. ती उघडायची नसते. मला वाचायला हीच लागते. पंधरा वर्षांची होते तेव्हा हीच नेली होती, मग पुढे नऊ वेळा.

ग्रंथपाल: आणि आज एवढी घाई कसली?

चष्मेवाली: उद्या संध्याकाळी आमच्या चाहत्यांच्या ग्रुपची सभा आहे. अकरा वर्षांपूर्वी मी काढलेला ग्रुप, अध्यक्ष मीच. सिनेमा बघून आले आणि तडक लिहिलं, पुस्तकातला सगळ्यात सुंदर प्रसंग यांनी कापला. तर सगळे माझ्यावरच उलटले. म्हणे असा प्रसंग पुस्तकात नाहीच, तिथे चुंबनच आहे. मी म्हटलं, तुमच्या नव्या आवृत्तीत घुसडलं असेल. आता म्हणतात, उद्या पानं दाखव, नाहीतर अध्यक्षपद सोड. एकीने तर लिहिलं, हिने पुस्तक वाचलंच नसेल. जिला मी स्वतःच्या हाताने पहिला भाग भेट दिला होता ना, तिने.

ग्रंथपाल: बरं. हे घे, दोनशे अकरा. वाच बघू, मलाही कळू दे काय एवढं आहे त्यात.

चष्मेवाली: ऐका. “खिडकी उघडी होती, पण त्याला कुणी आत ये म्हटलं नव्हतं. म्हणून तो बाहेर पायरीवर बसला. तिची फाटलेली वही खिडकीत पडली होती. ती त्याने मांडीवर घेतली. दोरा मेणावरून दोनदा ओढला. मेण लावलं की दोरा कागद कापत नाही. घड्या जुळवल्या, मधल्या भोकातून सुई घातली. खळ पातळ केली, कारण जुन्या कागदाला घट्ट खळ सोसत नाही. उजाडायच्या आत त्याने वही खिडकीत ठेवली आणि तो गेला. तिला त्याने हे कधीच सांगितलं नाही.” बघा, अंगावर काटा आला माझ्या. आजही.

ग्रंथपाल: ते मेणाचं पुन्हा वाच.

चष्मेवाली: “दोरा मेणावरून दोनदा ओढला.” का?

ग्रंथपाल: व्हॅम्पायरला खळ करता येते?

चष्मेवाली: तीनशे वर्षांत माणूस काय काय शिकत असेल, ताई.

ग्रंथपाल: आण इकडे. हे अक्षर वेगळं आहे.

चष्मेवाली: ते मुद्दाम आहे. हा एकच प्रसंग त्याच्या मनातून दिसतो, म्हणून लेखिकेने अक्षर बदललंय. मी त्यावर लेख लिहिला होता. लोकांना फार आवडला होता तो.

ग्रंथपाल: दिवसभर तू लोकांना भिंतीवरची अक्षरं वाचायला लावतेस. जरा नीट बघ. कागद वेगळा आहे. आणि इथे शिवणीपाशी बोट फिरव. ही चार पानं मागाहून चिकटवलेली आहेत.

चष्मेवाली: म्हणजे?

ग्रंथपाल: मला इथे येऊन सहाच वर्षं झाली, त्यामुळे आधीचं माहीत नाही. पण दोऱ्याला मेण लावणारा माणूस मला एकच माहीत आहे, आणि तो आपल्या मागच्या खोलीत बसतो. काका, जरा बाहेर येता का?

बाइंडर: आलो, मॅडम. हात खळीचे आहेत, उभाच राहतो.

ग्रंथपाल: हे पुस्तक तुम्ही बांधलंय?

बाइंडर: हो. एकोणीस वर्षं झाली असतील. शिवण अजून धरून आहे की.

ग्रंथपाल: शिवणीचं नाही विचारत. ही चार पानं कुठून आली?

बाइंडर: ती होय. ती कुणीतरी फाडून नेली होती. पुस्तकाला साठ मुलींचा नंबर लागलेला. आधीच्या बाई म्हणाल्या, दुसरी प्रत मिळवा नाहीतर काहीतरी करा. प्रत काही मिळाली नाही. मग मी अलीकडचं वाचलं, पलीकडचं वाचलं आणि मधलं जुळवलं. ऑफिसातल्या कंप्युटरवर टाइप केलं.

ग्रंथपाल: जुळवलं म्हणजे मनाने लिहिलं?

बाइंडर: कोरी पानं लावायची म्हणजे बरं दिसत नाही, मॅडम.

चष्मेवाली: काका, त्या चार पानांवर मी नवरा पसंत केला.

बाइंडर: काय केलं?

चष्मेवाली: दोन मुलं बघितली होती. एकाने फुलं आणली. दुसऱ्याने माझ्या बॅगेचा तुटलेला बंद गुपचूप शिवून ठेवला आणि तोंडातून अक्षर काढलं नाही. मी घरी जाऊन सांगितलं, हाच.

बाइंडर: मग? बरे आहेत ना ते?

चष्मेवाली: बरा आहे. घोरतो फार. ताई, मी आत्ता या पानाचा फोटो काढला तर?

ग्रंथपाल: काढ. मोबाइलवर अक्षरातला फरक कळायचा नाही. पानाचा आकडा आहे, शिक्का आपलाच आहे. मी काही कुणाला सांगायला जाणार नाही.

चष्मेवाली: दुकानात मला लोक काय विचारतात, तर काचा कधी मिळतील. तिथे विचारतात, तो तिला सोडून का गेला, ती परत का आली, आणि मी सांगते. माझ्या शब्दाला तिथे किंमत आहे. उद्या ती जाणार.

ग्रंथपाल: म्हणून तर म्हणते, काढ.

चष्मेवाली: आणि मग जिला मी पहिला भाग भेट दिला, ती बाई माझी माफी मागणार. चारचौघांत. तिचं बरोबर असताना.

ग्रंथपाल: तेही आहे.

चष्मेवाली: नको. ठेवा पुस्तक. उद्या उभी राहीन आणि सांगेन, तुमचं बरोबर, माझं चूक. अध्यक्षपद घ्या. फार वाईट वाटतंय मला, ताई.

बाइंडर: मॅडम, माझ्या हातून काही वाईट झालं का?

ग्रंथपाल: तिलाच विचारा.

चष्मेवाली: झालं, काका. म्हणजे, नाही झालं. आता मलाच कळेनासं झालंय.

बाइंडर: पण मग त्या पानांत खरं होतं काय? मला आजवर कुणी सांगितलंच नाही.

चष्मेवाली: चुंबन.

बाइंडर: चारही पानं?

चष्मेवाली: चारही.

ग्रंथपाल: तरीच कुणीतरी फाडून नेली.

बाइंडर: आणि वही? दोनशे दहावर आई रागाने तिच्या वहीचे दोन तुकडे करते. दोनशे पंधरावर पोरगी त्याच वहीत लिहीत बसलीय. मधे शिवली कुणी?

चष्मेवाली: थांबा. मी सिनेमातही बघितलं, ती लिहीत होती. खरंच की. कुणीच नाही शिवली, काका.

बाइंडर: असं कसं?

ग्रंथपाल: ते लेखिकेचं लेखिका बघेल. काका, मला आता कळलंय, त्यामुळे गप्प बसता येत नाही. पुस्तकात नसलेला मजकूर पुस्तकात ठेवता येणार नाही. मी दुसऱ्या ग्रंथालयातून खऱ्या पानांची झेरॉक्स मागवते. तुम्ही ही चार काढून ठेवा.

बाइंडर: काढतो, मॅडम. पण मग वही फाटकीच राहील तिची.