नाडी एकशे अठ्ठावीस

(परभणी, १९८६. नर्सिंग शाळेच्या शिक्षिका कस्तुराबाई आणि दुसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी कुसुम. टेबलावर सरजाबाई नावाच्या बाळंतिणीचा केस पेपर.)

कस्तुराबाई : बसू नकोस. मी बस म्हटलेलं नाही.

कुसुम : उभीच हाय, सिस्टर.

कस्तुराबाई : झोपेचं इंजेक्शन दे म्हणून सांगितलं होतं, पेपरवर लिहिलंही होतं. का दिलं नाहीस?

कुसुम : सरजाबाई सारखी पाणी मागायली व्हती. हातपाय आपटायली. अंग गार, नाडी एकशे अठ्ठावीस. तुमी म्हणलात, घाबरलीय. मला वाटलं, रक्त जायलंय.

कस्तुराबाई : तिच्या खालचं कापड कोरडं होतं. मी स्वतः पाहिलं.

कुसुम : मीबी पाहिलं. म्हणून तर पोट दाबलं. गर्भाची पिशवी बेंबीच्या वर, मऊ लागली. चोळली तशा रक्ताच्या गाठीच गाठी भाईर पडल्या. रक्त आतल्या आत साचलं व्हतं.

कस्तुराबाई : आणि डॉक्टरांना भरल्या ताटावरून उठवून आणलंस. मला डावलून!

कुसुम : तुमाला दोनदा सांगितलं. तुमी म्हणलात, आधी इंजेक्शन दे.

कस्तुराबाई : हे पोट दाबून निदान करणं कुणी शिकवलं? मी तर नाही.

कुसुम : पुण्याहून टपालानं धडे मागवते मी. एका रोग्याची हकीकत येती, खाली कोरी जागा. काय झालं असंल, अन् तसं का वाटतं, ते लिहून धाडायचं. तपासून परत येतं.

कस्तुराबाई : म्हणजे पोस्टमननं नर्स केलं तुला! वीस वर्षं वार्डात काढलीत मी. नर्सनं सांगितलेलं करायचं. विचार करायला डॉक्टर आहेत.

कुसुम : डॉक्टर जेवायला गेलते, सिस्टर.

कस्तुराबाई : नामांतराच्या मोर्च्यात ओरडून ओरडून जीभ सुटलीय तुम्हा लोकांची.

कुसुम : मोर्च्यात माझी आई व्हती. मी ड्युटीवर व्हते. अन् त्याचा इथं काय संबंध?

कस्तुराबाई : हा पेन घे. एकशे अठ्ठावीसचं अठ्ठ्याण्णव कर. प्रकरण इथंच मिटेल.

कुसुम : न्हाई.

कस्तुराबाई : उद्या मोठे डॉक्टर विचारतील, एवढी नाडी असताना झोपेचं इंजेक्शन कुणी लिहिलं!

कुसुम : इचारतील.

कस्तुराबाई : मग मीही लिहीन, हुकूम मोडला म्हणून. शाळेतून नाव कमी होईल. बस मग तुझ्या पेडगावात शेतं खुरपत.

कुसुम : खुरपलंय की. आईसंगट लय वर्सं खुरपलंय. पण ती नाडी मी घड्याळ धरून, पुरा एक मिनिट मोजलीय. माझ्या हातानं न्हाई खोडायची मी.

कस्तुराबाई : चालती हो. आजपासून वार्डात पाय ठेवायचा नाही.

कुसुम : जाते. चार वाजता सरजाबाईची नाडी बघायची हाय.

कस्तुराबाई : मी बघेन.

कुसुम : पोटबी दाबून बघा, सिस्टर. नुसतं कापड नका बघू.