पंचफुलानं बटन धरलं

आता तुम्हीच सांगा, नियम मी केला का? पहिल्यापासून हाय तो… बटन दाबलं की बोलायचं, सोडलं की ऐकायचं. बटन सोडल्याबिगर समोरचं ऐकू येत न्हाई! आमच्या इस्लापूरच्या हौशी रेडिओ क्लबात हेच पहिलं शिकवतेत. परीक्षा देऊन सरकारी लायसन घेतलंय बावा मी, पण घरात किंमत काय? आमची बायको पंचफुला अँटेनाच्या तारंवर साड्या वाळू घालती, वरून म्हणती, "डबड्याशी गुलुगुलु बोलायलेत, माणसाशी बोलायला जीभ उचलत न्हाई."

तर गेल्या भादव्यात वादळ आलं. टॉवर आडवा, लाईट गुल, रस्त्यावर पाणी. आन् आमची लेक लुंबिनी तिकडं सासरी उदगीरला, दिवस भरलेले. माहेरी आणायची ठरली होती, ते राहूनच गेलं. दोन दिवस फोन न्हाई. पंचफुला जेवली न्हाई हो… मलाबी घास उतरंना, खोटं कशाला बोलू.

तिसऱ्या दिवशी जरा उघडलं, तसा मी सेट बॅटरीवर लावला, तारंवरच्या वल्ल्या साड्या काढल्या आन् हाका मारत सुटलो. उदगीरहून क्लबाचा बालाजी बोलला, "काका, दवाखान्यात बघून येतो." तासाभरानं त्याची हाक आली, "काका, माझ्या जीपमधला सेट हाय, दवाखान्याच्या खिडकीपाशीच उभा हाय, ऐका…" तेवढ्यात पंचफुलानं माईक हिसकला की!

"बालाजी, जयभीम रे बाबा, लुंबिनी कशी हाय? जेवली का? पाय सुजलेत का? जावयाला म्हणावं…"

अगं, बटन सोड! बटन सोडल्याबिगर समोरचं ऐकू येत न्हाई!

"तुम्ही गप बसा, तीस वर्सं तुमचंच ऐकलं."

आता हे साफ खोटं हाय, पण सांगावं कुणाला? नांदेडपासून लातूरपर्यंत जेवढे सेट चालू, तेवढे सगळे ऐकून राहिले… मी लग्नात घड्याळासाठी रुसलो होतो, तेबी! आन् तिकडं बालाजी निरोप तोंडात धरून बसलेला.

बोलता बोलता डोळे पुसायला तिनं दोन्ही हातांनी पदर धरला, माईक मांडीवर पडला आन् बटन सुटलं.

"काकू, मुलगी झाली. दोघीबी ठणठणीत. थांबा, ऐकवतो." त्यानं वायर ताणून माईक खिडकीतून आत दिला.

काय रडली हो पोरगी! आम्ही दोघंबी रडलो. मग पंचफुला म्हणती, "द्या, मला बोलू द्या नातीशी." पण बोलणार कसं? तिकडं कुणाचा तरी अंगठा बटनावर, आन् पोरगी दम घेईना. पाच मिनिटं… दहा मिनिटं… इकडं ही बटन दाबून दाबून थकली. शेवटी माझ्याकडं बघून काय म्हणावं हिनं?

"अहो, त्येंना कुणीतरी सांगा की. बटन सोडल्याबिगर समोरचं ऐकू येत न्हाई!"

मग मी उठलो. बाहेर गेलो आन् तिच्या साड्या माझ्या हातानं परत तारंवर वाळू घातल्या.