खाण्याच्या पानावरचं नाव

—नाही, नाही, छत्रीवाल्याचं नाव खोडू नका. दुकान हललंय, बंद नाही झालेलं. पुलाच्या अलीकडे होतं, ते आता पलीकडे गेलंय, एवढंच. म्हातारा तोच, खोकला तोच, आणि गिऱ्हाईकानं दुकानात छत्री उघडली की ओरडणंही तेच—उघडायची तर बाहेर जाऊन उघडा, इथे कुणाचा तरी डोळा जाईल, म्हणतो. लिहा ते, वाचणाऱ्यांना आवडतं असलं. चामड्याच्या बाजारात मात्र यंदा कुणाला पाठवू नका. पिशवीचा पट्टा दुकानापासून इथल्या लिफ्टपर्यंत टिकत नाही—परवाच एक पाहुणे इथे, या टेबलासमोर उभे, पट्टा हातात आणि पिशवी जमिनीवर, आणि माझ्याकडे असे बघतायत जशी काही ती मीच शिवली होती. आमचं कामच असं आहे ना, साहेब. हॉटेलातल्या या चौकशीच्या टेबलामागे बसायचं, आल्यागेल्याला सांगायचं, इथे फिरा, तिथे घ्या, अमुक ठिकाणी जेवा—चांगलं निघालं तर शहर चांगलं, वाईट निघालं तर बाई वाईट.

फिरायचं म्हणाल तर नदीतली होडी सकाळची लिहा. संध्याकाळच्या होडीत हल्ली गाणी लावतात, एवढी मोठ्यानं की शेजारी बसलेल्या नवऱ्याला काही सांगायचं तर काठावर उतरेपर्यंत थांबावं लागतं. काही बायकांना तेही चालतं म्हणा. आणि संग्रहालयात वरच्या मजल्यावरची घड्याळं, खाली काही नाही, खाली नुसते राजे. टेकडीवरची बाग—ती तुम्ही बघून आलात? आलातच असाल. तुमचं मला ठाऊक आहे. गेल्या खेपेला बागेतल्या बाकावर स्वतः बसून बघितलंत आणि मग लिहिलंत, सकाळी बाक ओला असतो, रुमाल न्यावा. एवढं कोण करतं? म्हणून तर तुमची पुस्तिका घेऊन लोक येतात, इतर सगळी बाजूला ठेवतात. पान उघडून माझ्यासमोर धरतात आणि विचारतात, हे खरंच असं आहे का हो? मी म्हणते, त्यात लिहिलंय ना, मग आहे.

आता खाण्याचं पान.

खाण्याचं काय, बाजाराच्या कोपऱ्यावरचा पाववाला आहेच, तो लिहा. स्टेशनसमोरचा नको, त्यानं खुर्च्या बदलल्या आणि त्या खुर्च्यांचे पैसे सूपमधून काढतोय. आणि मग—आमचं. आमच्या खानावळीचं नाव दरवर्षी असतंच की. एका कोपऱ्यात असतं, मोठं काही नसतं, चार ओळी—खिडकीजवळचं टेबल मागा, माशाचा रस्सा चुकवू नका, मालक फारसे बोलत नाहीत पण रिकामी ताटली दिसली की न विचारता वाढतात. त्या ओळी मला पाठ आहेत, हसू नका. तर मी म्हणत होते, त्याच ओळी यंदा पुन्हा घातल्या तर? नवीन काय लिहायचंय त्यात? खिडकी तीच आहे, टेबल तेच आहे. तुम्हाला इतकी धावपळ, एवढं शहर पायाखाली घालायचं, त्यात पुन्हा आमच्याकडे येऊन जेवायचं कशाला—घरचीच खानावळ समजा, घरच्या माणसांकडे काय तपासणी—

हो? घालता?

असे पटकन हो म्हणालात. नाही, बरं वाटलं. खरंच बरं वाटलं. तुम्ही आलात हे सकाळी हॉटेलच्या वहीत बघितल्यापासून हे कसं विचारायचं तेच घोकत होते. थांबा, पाणी पिते. तुम्हाला हवं? बसा ना जरा, आत्ता कुणी नाहीये.

तुम्ही हो म्हणालात आणि मलाच कसंतरी झालं बघा. माणसानं नाही म्हटलं की भांडता येतं. हो म्हटलं की काय करायचं? तुम्ही इतके सरळ, आणि मी—जाऊ दे. नाही, जाऊ दे कसं, तुमचं नाव आहे त्या पुस्तिकेवर. सांगून टाकते. तुम्ही कुठे कुणाला बोलणार आहात. आमचे हे पडले, गेल्या वर्षी, तुम्ही येऊन गेल्यानंतर. काही मोठं नाही, वरच्या फळीवरून मोठं पातेलं काढत होते, स्टूल सरकलं, आणि डोक्याच्या मागच्या बाजूला मार बसला. टाके पडले, चार दिवस दवाखान्यात, घरी आले, चालतायत, बोलतायत, सगळं ठीक. मी म्हटलं सुटलो. आणि मग एक दिवस सकाळी मी न्हाणीघरात, आणि मला जळका वास—धावत आले तशीच ओल्या केसांनी, बघते तर चुलीवर पाव कोळसा झालेला, धूर नुकता वर चढायला लागलेला, आणि हे हातभर अंतरावर पाठ करून पेपर वाचत बसलेले. मी ओरडले तर मान वर करून म्हणतात, काय झालं? आधी धूर दिसला त्यांना. नंतर कळलं. माझ्याकडे बघत राहिले, आणि तो जळका पाव उचलून नाकाशी धरला, आणि पुन्हा धरला.

वास गेला, साहेब. वास गेला की चवही जाते, हे आम्हाला डॉक्टरांनी सांगितलं. परत येईल का म्हटलं तर म्हणाले येतो कुणाकुणाचा. आणि हा माणूस आयुष्यभर नाकावर स्वयंपाक करत आलेला—कधी चाखून बघायचा नाही, पातेल्यावर वाकायचा, एक श्वास घ्यायचा आणि मिठाला हात घालायचा. लग्न झाल्यावर मी हसायची, म्हणायची तुम्ही स्वयंपाक करता की पातेल्याचं गुपित ऐकता. तर आम्ही ठरवलं, कुणाला सांगायचं नाही. सांगितलं तर कोण येईल? नाक गेलेल्याच्या हातचं कोण खाईल? मी कामावर येण्याआधी मागच्या दारानं खानावळीत जायचं, प्रत्येक पातेल्यातलं चमचाभर चाखायचं आणि काय कमी, काय जास्त ते सांगायचं. यांचा हात आणि माझी जीभ. सोपं वाटलं होतं.

सोपं कसलं. मी इथे बसून परक्या माणसाला अख्खं शहर समजावते, कुठे वळायचं, कुठल्या दारानं आत जायचं, आणि सूपमध्ये काय कमी आहे ते मला सांगता येईना. काहीतरी कमी आहे, मी म्हणायची. हे म्हणायचे, काय? मी म्हणायची, ते नाही सांगता येत, पण पूर्वीसारखं नाही. मग हे मीठ घालायचे. मग मी म्हणायची, आता खारट. मग पाणी. मग पुन्हा बेचव. मग लिंबू. सकाळी सकाळी आमची ती कसरत, आणि दर वेळी मी नाही म्हटलं की हा माणूस थोडा आणखी लहान व्हायचा. मला दिसायचं ना ते. एक दिवस रश्शात मी तिसऱ्यांदा नाही म्हटलं, तर यांनी पळी बाजूला ठेवली, बटाट्याच्या पोत्यावर बसले, आणि अगदी शांतपणे म्हणाले, मग मी इथे काय करतो?

दुसऱ्या दिवशी गेले, चाखलं—ते कसं होतं ते नका विचारू—आणि म्हटलं, छान. आज बरोबर आहे. आणि यांचा चेहरा असा उजळला, साहेब, इतक्या महिन्यांत मी तो तसा बघितला नव्हता. त्या चेहऱ्यासाठी मी दुसऱ्या दिवशीही छान म्हटलं. आणि तिसऱ्या. आता मी सगळ्यालाच छान म्हणते. चमचा तोंडात जायच्या आधी छान म्हणून मोकळी होते कधीकधी. आणि तिथून इथे येते, खुर्चीवर बसते, आणि लोक विचारतात जेवायला कुठे जावं, आणि मी त्यांना तिकडेच पाठवते. करू काय? टेबलं रिकामी राहिली तर यांना कळेल. म्हणून माणसं पाठवायची. आणि माणसं रात्री परत येतात, याच दारातून, माझ्यासमोरून—कुणी मोबाईलमध्ये बघत जातं, कुणाला एकदम घाई असते. एक बाई तर थांबल्या बिचाऱ्या, म्हणाल्या, खिडकी फार सुंदर आहे हो. खिडकी. खानावळीतून जेवून आलेली बाई खिडकीचं कौतुक करते, म्हणजे समजा.

म्हणून म्हणते, तुमच्या पुस्तिकेत नाव राहू दे. ते गेलं तर मग काही उरत नाही. मी पाठवते ती चार माणसं, बाकी सगळी तुमच्या ओळी वाचून येतात. खानावळ बंद झाली तर हा माणूस घरात बसून करणार काय? मी पेपर आणून देऊ? प्रेम आहे हो माझं त्यांच्यावर, एवढ्या वर्षांचं, बोलून दाखवायची सवय नाही म्हणून—त्या पोत्यावर त्यांना पुन्हा बसलेलं मी बघू शकत नाही. आणि खरं सांगायला तोंडही उघडत नाही. उघडलं तर म्हणतील, मग इतके दिवस? बरोबर आहे त्यांचं, इतके दिवस काय करत होतीस?

थांबा जरा.

तुम्हाला धक्कासुद्धा नाही बसला. मी एवढं सांगतेय, नाक गेलं म्हणतेय, आणि तुम्ही मान हलवताय, जसं काही मी पुलाकडचा रस्ता सांगतेय. आणि ते हो. ते इतकं पटकन कसं आलं? जो माणूस बाकावर बसून बघतो, ओला आहे का कोरडा, तो न जेवता चार ओळी घालायला हो म्हणतो? साहेब, माझ्याकडे बघा. दुपारी कुठे जेवलात?

कुठल्या टेबलावर?

खिडकीजवळच्या. हं. मग काय मागवलंत—रस्साच मागवला असणार. आणि संपवलात? खरं सांगा. नाही ना. मग हे आले असतील बाहेर. येतात, ताटली परत आली की दारात येऊन उभे राहतात. काय म्हणाले? तुम्हीच सांगितलंत की त्यांनी विचारलं? त्यांनी विचारलं. मीठ जास्त आहे ना, असं. मग तुम्ही—तुम्ही खरं सांगितलंत. सांगणारच, तुम्ही तसेच आहात, मी दोष नाही देत. पुढे? काय म्हणाले पुढे?

माहीत आहे मला, असं म्हणाले?

कधीपासून? ताटल्या परत येतात त्यावरून. हो, ताटल्या. ताटल्या काही नाकानं बघाव्या लागत नाहीत. माझ्या कसं ध्यानात आलं नाही? आणि मग रोज सकाळी मला का विचारतात?

नका, मागे घेऊ नका आता, सांगा. जसंच्या तसं सांगा. "माझी बायको रोज येऊन चाखते, छान म्हणते आणि जरा निश्चिंत होऊन कामावर जाते. ती तुम्हाला आमचं नाव घाला म्हणेल. तिला हो म्हणा. मग नाही घातलंत तरी चालेल." असं. आणि तुम्ही कबूल केलंत. म्हणून ते हो.

निश्चिंत. मी.

नाही, रडत नाहीये, दिवा डोळ्यावर येतो इथला. लिहून घ्या आता, पेन आहे ना हातात? आमचं नाव काढा. हो, मीच सांगतेय. त्या जागी समोरच्या दोघी बहिणींच्या खानावळीचं घाला, आमच्या दारातून दिसतं त्यांचं दार, हिरवं आहे. लहान जागा आहे, पाच टेबलं. मी जाऊन आले एकदा, यांना न सांगता, घरी म्हटलं कामावर उशीर झाला. रस्साच मागवला. खिडकीकडे पाठ करून बसले आणि सगळा संपवला, पावानं ताटली पुसून घेतली. मीठ बरोबर होतं. एवढंच लिहा, त्यांच्या नावापुढे लिहा, मीठ बरोबर असतं. आणि आता जा तुम्ही वर. असे उभे नका राहू माझ्यासमोर.